घरच्या लेझर मशीनवर कागद कसा कापावा: नागपूरकरांसाठी पहिले धडे

लेझर मशीन घरी आलं की बहुतेक जण पहिल्यांदा कागदच लावून बघतात. लाकूड, चामडं विकत आणावं लागतं, कागद घरात असतोच. तो सहज कापला जातो, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत निष्काळजीपणा होतो. माझ्या मते हौशी मशीनवर जे जे ठेवलं जातं त्यात आगीच्या दृष्टीने कागदाइतकं बेभरवशाचं दुसरं काही नाही. साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास कागद पेट घेतो आणि लेझरचा ठिपका त्याहून कितीतरी जास्त तापतो. कापणं आणि पेटवणं यात फरक उरतो तो एवढाच, की किरण एका जागी किती वेळ रेंगाळला. म्हणून कागदाला ताकद कमी द्यायची आणि वेग जास्त. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून आलेलं आहे.

आपलं मशीन कोणतं?

हौशी मंडळींकडे साधारण दोन प्रकार दिसतात. पहिला डायोड लेझर: उघड्या चौकटीचा, निळ्या प्रकाशाचा, तरंगलांबी ४४५ ते ४५५ नॅनोमीटर. दुसरा कार्बन डायऑक्साइडच्या काचनळीचा, ज्याला सगळे सीओटू म्हणतात. त्याचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डायोड मशीन घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो पुष्कळदा विजेच्या वापराचा असतो. ‘ऑप्टिकल पॉवर’, म्हणजे प्रत्यक्ष किरणाची ताकद, किती ते विचारा. कागदासाठी ५ वॉटही चालतो, १० वॉट असेल तर भरपूर झालं.

कागदाच्या दृष्टीने या दोघांत एक मोठा फरक आहे आणि तो माहीत नसल्याने नवीन माणूस हमखास वैतागतो. पांढरा कागद निळा प्रकाश बराचसा परतवून लावतो. डायोडखाली पांढरं आयव्हरी कार्ड ठेवलं तर ते कापायला कुरकुर करतं. मग माणूस पॉवर वाढवतो, आणि कडा करपतात. काळं, मरून, गडद निळं किंवा खाकी कार्ड त्याच मशीनवर लोण्यासारखं कापलं जातं. सीओटूला रंगाशी देणंघेणं नाही, सगळे कागद त्याला सारखेच. तेव्हा डायोड असेल तर शिकायला गडद कार्डशीटच घ्या. पांढऱ्याच्या वाटेला हात बसल्यावर जा.

डोळे

ही मशीन चौथ्या वर्गाच्या लेझरमध्ये मोडतात. या वर्गात सरळ किरणच नव्हे, कशावरून तरी परावर्तित झालेला प्रकाशही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. उन्हाळ्याचा गॉगल इथे काहीही कामाचा नाही. लेझरच्या चष्म्यावर तरंगलांबी आणि ‘ओडी’ (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किरण किती अडवते) हा आकडा छापलेला असतो. डायोडसाठी ४५० नॅनोमीटरच्या आसपासची पट्टी झाकणारा आणि ओडी ५ किंवा वरचा चष्मा हवा. मशीनबरोबर फुकट आलेल्या हिरव्या-नारिंगी चष्म्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो बाजूला ठेवा आणि पैसे खर्च करून नीट चष्मा घ्या. खोलीत जितकी माणसं तितके चष्मे.

एक गोष्ट खास सांगतो, कारण अनेक जण घरगुती झाकण बनवतात. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक सीओटूचा किरण अडवतं, पण डायोडचा निळा किरण त्यातून सरळ पार होतो. दोन्ही मशीनना एकच पारदर्शक शीट, एकच खिडकी चालत नाही. डायोडच्या पेटीला त्या तरंगलांबीसाठी बनवलेलं नारिंगी अ‍ॅक्रिलिकच लागतं. उघड्या चौकटीचं मशीन असेल तर काम सुरू असताना खोलीचं दार लावून घ्या. निळा उजेड बघायला मुलं धावत येतात, तेव्हा दाराची कडीसुद्धा उपकरणाचाच भाग समजा.

जागा, धूर आणि आपला उन्हाळा

मशीन दगडी ओट्यावर किंवा लोखंडी टेबलावर ठेवा. सनमायका लावलेल्या प्लायवर ठेवायचं असेल तर खाली पत्रा अंथरा. पडदे, कापूस, कागदाचे गठ्ठे हातभर लांब. धूर बाहेर काढायला पेटीला चार इंची लवचीक पाइप आणि एक्झॉस्ट पंखा जोडून तो खिडकीबाहेर न्या. कागदाचा धूर लाकडापेक्षा हलका वाटतो, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक काजळी असतेच. बंद खोलीत तासभर काम केलं की डोकं जड होतं ते त्यामुळेच. पाइपचं तोंड शेजाऱ्यांच्या बाल्कनीकडे नको.

आता नागपूरची अडचण. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात असताना पंखा आणि कूलर बंद करून बसायचं कसं? पण कागद कापताना ते बंदच हवेत. छतावरच्या पंख्याने कागद उचलला जातो, फोकस बिघडतो, आणि एखादी ठिणगी असेल तर तिला वाराही मिळतो. कूलरचा त्रास आणखी वेगळा: त्याच्या ओल्या हवेने कार्डशीट तासाभरात वाकायला लागते, सकाळी सपाट असलेला कागद दुपारी चारही कोपरे वर करून बसतो. उपाय साधा आहे. उन्हाळ्यात लेझरचं काम पहाटे ते सकाळी नऊपर्यंत उरकायचं, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वर सपाट वजन ठेवायचं. नवतपा सुरू झाला की मी सीओटूवाल्यांना सरळ सुट्टी घ्या म्हणतो. नळी थंड ठेवणारं पाणी १५ ते २५ अंशांत राहायला हवं, ३० च्या वर गेलं की नळीचं आयुष्य घटतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हा हातालाही सोसत नाही. चिलर नसेल तर बर्फ जमवलेल्या बाटल्या बादलीत सोडून थोडा वेळ काम निघतं, पण थर्मामीटर पाण्यातच ठेवा.

उन्हाळ्यातला कोरडा कागद चटकन पेटतो, पावसाळ्यातला दमट कागद जास्त पॉवर मागतो. जूनमध्ये ठरवलेली सेटिंग मेमधल्या कागदाला लागू पडेलच असं नाही.

सीओटू मशीनच्या नळीला १५ ते २० हजार व्होल्ट जातात. घरातल्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय ते मशीन चालू करू नका. मागचं झाकण उघडून आत हात घालायचा नाही.

कागद कोणता घ्यायचा, कोणता मुळीच नाही

बर्डीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत सुटी कार्डशीट मिळते, जास्त लागली तर गांधीबाग-इतवारीकडे घाऊक भावात बघा. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कटिंगमधले तुकडे उरतात, विचारलं तर बरेचदा स्वस्तात देतात. सरावाला ते उत्तम.

सुरुवात १८० ते २५० जीएसएमच्या कार्डशीटने करा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ७५-८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद फार हलका, हवेच्या झोताने उडतो. पतंगीचा ताव तर नवशिक्याने लावूच नये. ३०० च्या वरचं कार्ड कापायला जास्त वेळ घेतं आणि कडा काळ्या पडतात. नालीदार पुठ्ठा, म्हणजे पार्सलच्या खोक्याचा, सुरुवातीला टाळा. त्याच्या दोन थरांमध्ये हवेच्या नळ्या असतात, आग आतल्या आत सरकते आणि वरून दिसत नाही.

पूर्ण बंदी असलेल्या वस्तू वेगळ्या. पीव्हीसी असलेलं काहीही लेझरखाली जाता कामा नये: सनबोर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या शीटांपैकी बरीच पीव्हीसीची असते, तसंच व्हिनाइल स्टिकर, रेक्झिन, प्लॅस्टिकची ओळखपत्रं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहेच, मशीनच्या लोखंडी रुळांनाही तो गंज चढवतो. लॅमिनेट केलेला कागद, चमकीचा कागद, फॉइल चढवलेला सोनेरी-चंदेरी कागद हेही नको: पहिले दोन वितळून चिकटतात, तिसरा किरण परतवतो.

दुकानात उभ्या उभ्या करायची एक परीक्षा आहे. कागदाचा कोपरा हळूच फाडा. फाटलेल्या कडेला तंतू दिसले तर कागद. पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन मागे राहिला तर वर प्लॅस्टिक आहे, तो परत करा.

फाइल तयार करताना: देवनागरीची गंमत आणि गोची

चित्र काढायला इंकस्केप मोफत आहे, मशीन चालवायला लेझरजीआरबीएल मोफत आणि लाइटबर्न विकतचं. इंग्रजी अक्षरांचे धडे सगळीकडे सापडतात, मराठीची गोष्ट मात्र वेगळी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

युनिकोड फॉन्टमध्ये ‘नागपूर’ असं टाइप करा. मुक्तासारखा मोफत फॉन्ट ठळक वजनात घेतला तर उत्तम. मग अक्षरांचं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. आता बाह्यरेषेच्या दृश्यात बघा: प्रत्येक अक्षराची शिरोरेघ स्वतंत्र आहे आणि दोन अक्षरांच्या सांध्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात. हे तसंच मशीनला दिलं तर लेझर त्या रेघांवरूनही जाईल आणि शब्दाचे अक्षरागणिक तुकडे पडतील. सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा, रेघा नाहीशा होतात आणि सगळा शब्द एका शिरोरेघेला लटकतो. ‘नागपूर’ असा एकसंध निघतो. ‘वंदना’ कापायला घेतलं तर अनुस्वाराचा ठिपका सुटून खाली पडेल. तो शिरोरेघेला टेकेपर्यंत खाली ओढा, किंवा बारीक दांडीने जोडा आणि मग युनियन करा. २०० जीएसएमच्या कार्डात शिरोरेघ निदान दोन मिलिमीटर जाड ठेवा, नाहीतर उचलताना मोडते.

स्टेन्सिल करायचं असेल तर प्रश्न उलटा होतो. अक्षर कापून काढायचं, आजूबाजूचा कागद ठेवायचा, अशा वेळी ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं आणि ‘प’, ‘म’, ‘ष’ यांच्यात शिरोरेघेखाली बंदिस्त झालेली जागा गळून पडते. तिथे दीड-दोन मिलिमीटरचा पूल सोडावा लागतो. पूल उभ्या दांडीच्या बाजूने सोडला तर वाचताना खटकत नाही.

कापण्याचा क्रम आतून बाहेर ठेवा: आधी कोरीवकाम, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची कडा. बाहेरची कडा आधी कापली की तुकडा हलतो आणि पुढचं सगळं वाकडं येतं. बाहेरच्या कडेवर अर्ध्या मिलिमीटरचे चार-पाच टॅब, म्हणजे न कापलेले जोड, सोडा, म्हणजे तुकडा कागदालाच धरून राहील. सुटलेला तुकडा उभा राहून मशीनच्या फिरत्या डोक्याला अडतो आणि किरण त्यावर पडत राहिला तर तिथूनच आग सुरू होते.

चाचणीचा तक्ता

दुसऱ्याच्या सेटिंगवर काम सुरू करू नका. ज्या कागदावर काम करायचं त्याच कागदाच्या तुकड्यावर एक तक्ता कापा. १० वॉटच्या डायोडला आणि २०० जीएसएमच्या गडद कार्डाला मी आडवा वेग १००० ते ४००० मिलिमीटर प्रति मिनिट आणि उभी पॉवर २० ते ८० टक्के असा तक्ता घेतो, प्रत्येक खाना एक सेंटिमीटरचा. सुरुवात जास्त वेग-कमी पॉवरच्या कोपऱ्यापासून. वेगाचं एकक नीट बघा. प्रति सेकंद आणि प्रति मिनिट यांत साठ पटींचा फरक आहे.

तक्ता झाला की उजेडात धरा. जे चौकोन बोटाच्या हलक्या दाबाने सुटतात, त्यातला सगळ्यात वेगाचा आणि सगळ्यात कमी पॉवरचा तुमचा. कड चहासारखी तपकिरी असली तर छान. काळी असून बोटाला काजळी लागली तर पॉवर जास्त झाली. एका फेरीत न कापल्यास पॉवर वाढवण्याऐवजी दोन वेगवान फेऱ्या द्या, कडा स्वच्छ राहतात. सापडलेला आकडा त्या तुकड्यावरच पेन्सिलने लिहून ठेवा, कागदाचं नाव आणि महिनाही लिहा.

कोपरे करपत असतील तर बहुधा मशीनची चूक नाही. डोकं वळताना मंदावतं आणि पॉवर तीच राहते. जीआरबीएल (मशीनच्या बोर्डातलं नियंत्रण सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनमध्ये ३२ क्रमांकाची सेटिंग १ करून लेझर मोड चालू करा आणि सॉफ्टवेअरमध्ये लेझर चालू करण्याची आज्ञा एम३ ऐवजी एम४ निवडा. मग वेग घटला की पॉवरही आपोआप घटते. एवढ्या एका बदलाने कागदाचं काम सुधारतं.

प्रत्यक्ष कापताना

कागद हनीकॉम्ब जाळीवर, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर, सपाट हवा. जाळी लोखंडी असेल तर चपटी चुंबकं चालतात, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर चुंबक चिकटत नाही, पिना लागतात. चुंबकाची उंची डोक्याच्या खाली बसते का ते हाताने डोकं फिरवून आधी बघा. जाळी टेबलापासून थोडी उचललेली असावी, म्हणजे खालून परतणाऱ्या किरणाने मागच्या बाजूला डाग पडत नाहीत. फोकस कागदाच्या पृष्ठभागावर लावा. ‘फ्रेम’ करून, म्हणजे न कापता डोकं कामाच्या कडेने फिरवून, काम कागदाबाहेर जात नाही ना ते तपासा.

एअर असिस्ट, म्हणजे किरणाच्या जागी हवा मारणारा पंप, चालू ठेवा, पण कागदाला मंद झोत पुरतो. तो ज्योत विझवतो आणि धूर लेन्सवर जाऊ देत नाही. झोत जोराचा झाला की कागद फडफडतो.

चष्मा, एक्झॉस्ट, एअर असिस्ट, मग स्टार्ट. आणि स्टार्ट दाबल्यावर खोली सोडायची नाही. दारावरची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, फोन आला, तर आधी काम थांबवा. हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही. किरणाच्या मागोमाग तांदळाएवढी ज्योत लुकलुकते, ती किरण पुढे सरकताच विझली पाहिजे. किरण पुढे गेला आणि ज्योत मागेच राहिली, तर थांबवायची वेळ झाली.

लाइन गेली तर मशीनचा मेन स्विच बंद करा आणि मग चष्मा न काढता झाकण उचलून बघा. एक्झॉस्टही बंद पडलेला असतो आणि आत एखादी कड धुमसत असू शकते. लाइन आल्यावर मशीनला आपली जागा आठवत नाही. तो कागद सोडून द्या, होमिंग करून (डोकं सुरुवातीच्या जागी नेऊन) नवा लावा.

पेटलंच तर

आधीच हाताशी ठेवायचं: पाण्याची फवाऱ्याची बाटली, पिळलेलं ओलं सुती फडकं आणि दोन किलोचा कार्बन डायऑक्साइड अग्निशामक. पावडरचा अग्निशामकही आग विझवतो, पण ती पावडर मशीनच्या रुळांत आणि बोर्डात शिरते. ज्याच्याकडे तोच आहे त्याने मात्र मशीनचा विचार न करता तोच वापरावा.

मागे राहिलेली ज्योत दिसली की ‘पॉज’ नाही, सरळ वीज बंद. एअर असिस्ट आणि एक्झॉस्टही बंद, कारण दोन्ही आगीला हवा पुरवतात. छोटी ज्योत ओल्या फडक्याने दाबा. प्लग काढल्याशिवाय पाणी मारू नका. मशीनच्या पेटीने किंवा वायरींनी पेट घेतला असेल आणि एका फवाऱ्यात आटोक्यात आलं नाही तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

काम संपल्यावर काही मिनिटं तिथेच थांबा. कापलेल्या कडेत लाल टोक धुमसत राहू शकतं, ते ज्योतीसारखं दिसत नाही. तुकडे थेट कचऱ्याच्या प्लॅस्टिक पिशवीत न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. जाळीखाली साचलेला चुरा रोज काढा. लेझरच्या आगींना खाद्य तिथूनच मिळतं. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मशीन बंद आणि थंड असताना.

कोरीवकाम

कोरायला पॉवर फार कमी लागते. १० वॉट डायोडला १० ते १५ टक्के आणि ३००० ते ५००० मिलिमीटर प्रति मिनिट इथून चाचणी सुरू करा, दोन ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर. खाकी कागदावर सुरेख तपकिरी उठाव येतो. मोठा ठोकळा भरून कोरू नका, कागद आकसून वाकतो. रेषांची नक्षी नेहमी चांगली दिसते. उठलेली काजळी बोटाने पुसली तर पसरते, मऊ ब्रशने झटका.

दर्शनी बाजू अगदी स्वच्छ हवी असेल तर कागद उलटा ठेवून मागून कापा, डाग मागेच राहतात. तेव्हा फाइल आरशासारखी उलटी करायला विसरू नका. मराठी शब्द असेल तर चूक सुटा तुकडा हातात आल्यावरच कळते.

पहिलं खरं काम: आकाशकंदिलाची बाजू

टॅग आणि नावं झाली की दिवाळीच्या आधी कंदील करून बघा. २०० ते २५० जीएसएमच्या मरून किंवा गडद निळ्या कार्डाच्या चार सारख्या बाजू, प्रत्येक १५ बाय २० सेंटिमीटर. कडेला एक सेंटिमीटरची चिकटवायची पट्टी, आणि घडीच्या रेषेवर पूर्ण कापण्याऐवजी तुटक रेषा: दोन मिलिमीटर काप, दोन मिलिमीटर सोड. नक्षीत दोन भोकांमधली पट्टी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको. एक बाजू कापून झाली की कागद काढा, जाळी झटका, मशीनला जरा श्वास घेऊ द्या, मग दुसरी. चारही बाजू एका दमात लावण्याचा मोह टाळा, कारण तिसऱ्या बाजूपर्यंत लक्ष उडालेलं असतं.

मागून पिवळा किंवा नारिंगी पतंगी कागद हाताने कापून चिकटवा, तो लेझरला लावायचा नाही. आत ३ ते ५ वॉटचा एलईडी बल्ब, कागदापासून चार बोटं लांब. जुना फिलामेंटचा बल्ब किंवा पणती कागदी कंदिलात नको. बाल्कनीत टांगणार असाल तर होल्डरच्या वायरचा जोड पावसाच्या झडीपासून आत घ्या आणि कंदिलाचा भार वायरवर न देता सुतळीवर द्या.